आमच्या शिवेवरचा तीरकामठा



आपल्या वार्षिक स्मरणिकेत कुळाचा, गावाचा आणि पूर्वजांच्या पराक्रमाचा गौरव करणारे लेख दरवर्षी येतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. अशा लेखांत धनुष्याचा उल्लेख बहुधा चुकत नाही. श्रीरामाचे कोदंड, अर्जुनाचे गांडीव आणि शंकराचे पिनाक यांची नावे आपल्या मुलाबाळांनाही पाठ असतात. आणि एखादे अवघड कार्य कोणी अंगावर घेतले, तर त्याने शिवधनुष्य उचलले असे आपण सहज बोलून जातो. परंतु आपल्या गावाच्या शिवेवर, आपल्या आजा-पणजांच्या डोळ्यांदेखत, ज्या धनुष्याने रानडुकरांपासून आपली भातशेती राखली, त्या साध्या लाकडी धनुष्याविषयी आजवर एकही लेख आमच्या वाचनात आलेला नाही. ती उणीव यथामति भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे धनुष्य आपल्या ज्ञातीचे नव्हते. ते कातकरी आणि ठाकूर बांधवांचे होते. नेमक्या याच कारणास्तव त्याचा इतिहास आपण लिहिला पाहिजे असे आम्हांस वाटते.

मोहने गाव उल्हास नदीच्या काठी वसलेले आहे. आज तेथे उभे राहून पाहिले असता आंबिवली, अटाळी, वडवली या बाजूंना इमारतींवाचून दुसरे फारसे काही नजरेस पडत नाही. परंतु आमच्या आजोबांच्या तरुणपणी, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात, भातखाचरे संपली की झुडपी रान सुरू होई, आणि बल्याणी-टिटवाळ्याच्या पलीकडे ते दाट होत शहापूर-मुरबाडच्या डोंगरांस जाऊन मिळे. भात पोटरीस आले म्हणजे रात्री डुकरांचे कळप खाचरांत उतरत. माळ्यावर बसून डबे वाजवणे आणि आरोळ्या देणे हा एक उपाय असे. आणि रानाच्या वाटा जाणणाऱ्या कातकऱ्यास बोलावणे हा दुसरा. तो यावयाचा तो खांद्यावर तीरकामठा घेऊनच.

या आयुधाचे प्राचीनत्व किती असावे? मुंबईच्या उपनगरांतील कांदिवली येथे टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्यास १९३० च्या दशकात अश्मयुगीन हत्यारे सापडली. त्यांत नखाएवढी बारीक, धारदार अशी गारेची पातीही होती. असली पाती काडीच्या टोकास डिंकाने बसवून बाण करीत, असे पुरातत्त्वज्ञ सांगतात. मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या गुहांत तर हाती धनुष्य घेतलेले शिकारी भिंतींवर रंगवलेले आहेत. म्हणजे कोकणपट्टीत नांगर येण्याच्या, आगरांत मीठ पिकण्याच्या, किंबहुना कोणतीही ज्ञाती आपल्या नावाने ओळखली जाण्याच्या कितीतरी आधी माणूस वाकवलेल्या लाकडाच्या बळावर पोट भरीत होता. मुंबईत पवई येथे तिरंदाज नावाचे महसुली गाव आहे, आणि वाळकेश्वरची बाणगंगा रामाच्या बाणाने उगम पावली अशी कथा आहे. आपल्या भूमीच्या नावांत आणि कथांत बाण असा ठायी ठायी रुतून बसलेला आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दरबारातील आणि घोडेस्वाराचे धनुष्य निराळे व रानातील धनुष्य निराळे. मोगलाईतील उंची कमान ही लाकूड, शिंग आणि जनावराच्या ताती सरसाने चिकटवून तयार केलेली असे. ती आखूड पण अत्यंत जोरकस असून तिची दोरी अंगठ्याने ओढीत, व अंगठा कापू नये म्हणून त्यात शिंगाची अथवा दगडाची वळी घालीत. अशी कमान करण्यास कसबी कारागीर आणि पुष्कळ महिन्यांचा अवधी लागे. शिवाय दमट हवेत सरस मऊ पडून ती निकामी होण्याचे भय असे. कोकणातील पावसात आणि गरिबाच्या झोपडीत तिचा निभाव लागणार कसा? रानातील माणसाने एकाच लाकडाचे अथवा बांबूचे साधे धनुष्य पसंत केले, ते त्याला दुसरे सुचले नाही म्हणून नव्हे. ते मोडले तर कोयत्याच्या बळावर दुसरे उभे करता येते, आणि त्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही.

अंगठ्याचा विषय निघाला की एकलव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. महाभारताच्या आदिपर्वात ही कथा आली असून, अंगठा दिल्यावर तो निषादपुत्र बोटांनी बाण सोडू लागला, परंतु पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे तेथे सांगितले आहे. सातपुड्यातील भिल्ल बांधव तर्जनी आणि मध्यमा यांच्या बेचक्यात बाण धरून दोरी ओढतात, आणि हे एकलव्याच्या स्मरणार्थ आहे अशी श्रद्धा आढळते. श्रद्धेचा मान राखूनही इतिहासदृष्ट्या हे सांगितले पाहिजे की, बोटांनी दोरी ओढण्याची रीत जगात अनेक ठिकाणी होती. इंग्लंडमधील लांब धनुष्याचे तिरंदाजही बोटांनीच ओढीत. तेव्हा ही रीत म्हणजे अपंगत्वाची खूण नसून धनुर्विद्येचा एक स्वतंत्र आणि समर्थ संप्रदाय आहे. ज्यास आपण अडाणी समजत आलो, त्याच्या हातात एक विद्या होती, हे या कथेतून आपण शिकलो नाही. आपण केवळ गुरुदक्षिणेचे कौतुक करीत राहिलो.

आता हे धनुष्य कसे करीत ते सांगतो. आमच्या बालपणी टिटवाळ्यापलीकडील एका वाडीवरील वृद्ध कातकरी आमच्या अंगणात बसून धनुष्य घडवी, ते आम्ही पाहिलेले आहे. त्याची पहिली पसंती धामणीस असे. धामण हा आपल्या रानातील परिचित वृक्ष. संस्कृतात त्यास धन्वन म्हणतात. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक असल्याने कावडीचे दांडे, अवजारांच्या मुठी आणि धनुष्ये यांसाठी ते पूर्वापार वापरात आहे. धामण न मिळाल्यास भरीव बांबू घेत. लाकूड पावसाळा सरल्यावर, अंधाऱ्या पक्षात तोडावे असा दंडक होता. चंद्राचा त्याच्याशी संबंध असो वा नसो, पावसाळ्यानंतर, वाढ थांबल्यावर तोडलेल्या बांबूस कीड कमी लागते हा अनुभव खोटा नाही.

तोडलेली काठी उन्हात कधी टाकीत नसत, कारण उन्हाने ती तडकते. ती चुलीवरच्या माळ्यावर ठेवून धुराने सावकाश वाळू देत. आम्ही लहानपणी उतावीळपणे एकदा ओल्या फांदीचेच धनुष्य केले, तेव्हा तो वृद्ध हसून म्हणाला, “ओलं लाकूड वाकतं रे पोरा, पण माघारी येत नाही.” शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर धनुष्य ताणले असता त्याची पाठ, म्हणजे शिकारीकडील बाजू, ओढली जाते आणि पोट, म्हणजे तिरंदाजाकडील बाजू, दाबली जाते. ही ओढ आणि हा दाब सोसून पूर्ववत होण्याची शक्ती वाळलेल्या, अखंड तंतूंच्या लाकडातच असते. म्हणूनच तो वृद्ध पाठीकडील अंगास कोयता लावीत नसे. तेथील एक तंतू जरी आडवा कापला गेला तरी धनुष्य नेमके त्या ठिकाणी मोडते. सारे तासकाम तो पोटाकडून करी. मध्ये मुठीची जागा जाड ठेवून दोन्ही अंगे टोकांकडे निमुळती करीत नेई.

खरी परीक्षा यापुढेच होती. दोन्ही अंगे सारखी वाकली पाहिजेत. तो धनुष्य पायाखाली धरून थोडे वाकवी, डोळ्यापुढे आडवे धरून निरखी, जेथे ताठ वाटेल तेथे काचेच्या तुकड्याने अगर कोयत्याच्या धारेने खरवडी आणि पुन्हा वाकवून पाही. खरवडल्यावर लाकूड परत जोडता येत नसल्याने या कामात घाई करणाऱ्याचे धनुष्य वाया जाई. अर्धा दिवस यातच जात असे. वाकडी काठी विस्तवाच्या धगीवर शेकून सरळ करी व शेवटी करंजाचे तेल चोळी. दोरी केवणीच्या, म्हणजे मुरुडशेंगेच्या सालीचा वाख पिळून केलेली असे. भिल्ल लोकांत मात्र बांबूची लांब चिपाटी काढून तिचीच दोरी लावण्याची पद्धत आहे. काम नसताना दोरी एका टोकाने उतरवून ठेवीत. सदैव ताणलेले धनुष्य लवकरच वाकल्या अवस्थेतच मुरून निर्बळ होते, हे त्यामागील कारण होय. धनुष्याची उंची साधारणतः धरणाऱ्याच्या छातीपासून कपाळापर्यंत कोठेतरी येई. माप फुटपट्टीचे नव्हते, अंगाचे होते.

बाण करणे हे धनुष्य करण्याहून कमी कौशल्याचे काम नव्हे. काडी हलकी, सरळ आणि वजनास सारखी हवी. ती बोरूची किंवा बारीक बांबूची घेऊन विस्तवावर शेकून सरळ करीत. मागील टोकास मोराची अगर घारीची पिसे दोऱ्याने बांधीत, जेणेकरून बाण हवेत डगमगू नये. पुढील टोकाचे लोखंडी पाते लोहाराकडून घडवून घेत. पाखरांसाठी मात्र लाकडाच्या बोथट बोंडाचा बाण असे, म्हणजे पाखरू ठोसा लागून पडे आणि मांस फाटत नसे. अशा बिनपात्याच्या बाणास तुक्का म्हणत. ‘लागला तर तीर, नाही तर तुक्का’ ही म्हण आपण नित्य वापरतो, पण तिच्यातील तुक्का कोणता हे कोणास ठाऊक असते? गोळ्या फेकण्याची गलोलही मूळची धनुष्याचीच बहीण. तिला दोन दोऱ्या आणि मध्ये मातीच्या गोळीसाठी कापडी झोळी असे.

शिकारीविषयी पुष्कळांची अशी समजूत असते की, दूरवरून बाण सोडावा आणि जनावर जागीच कोसळावे. रानातील वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. या धनुष्याचा भरवशाचा पल्ला वीस-पंचवीस पावलांचा. एवढ्या जवळ जाणे हीच शिकार. बाण सोडणे हे तिचे शेवटचे क्षण होत. मूठभर राख हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहावयाची, पाणवठ्याची वाट धरावयाची, वाळल्या पानावर पाय पडू द्यावयाचा नाही आणि भेकर मान खाली घालील तेव्हाच पुढे सरकावयाचे. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते. बाण रक्तस्रावाने मारतो. म्हणून बाण लागल्यावर लगेच धावत सुटणे हा नवशिक्याचा दोष समजत. मागे लागल्याने घायाळ जनावर कोसभर पळते. थांबल्याने ते जवळच्याच झुडपात बसते. मग पानावरील रक्ताचा थेंब, मोडलेली काडी आणि उलटलेला दगड यांवरून माग काढावयाचा. हे ज्ञान कोणत्या शाळेत मिळत होते?

शिमग्याच्या सुमारास मात्र सामुदायिक पारध निघे. एक टोळी हाका करी, दुसरी वाघूर लावून वा दबा धरून बसे. मिळालेल्या शिकारीचे वाटे पडत. ज्याचा बाण प्रथम लागला त्याचा मान निराळा असे, तरी हाका करणारा रिकाम्या हाताने परत जात नसे. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचाही वाटा काढीत, असे आजोबा सांगत. आपल्या सहकारी संस्थांच्या पोटनियमांत जे आपण मोठ्या कष्टाने लिहितो, ते तेथे रूढीनेच चालत होते.

मग हे धनुष्य गेले कोठे? वाचकांनी १८७८ हे साल स्मरणात ठेवावे. त्या एका वर्षात इंग्रज सरकारने दोन कायदे केले. पहिला जंगलाचा, त्यायोगे राखीव वनांत लाकूड तोडणे, गुरे चारणे आणि शिकार करणे यांवर सरकारी अंमल बसला. दुसरा हत्यारांचा, त्यातील ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, संगीन, तलवार आणि भाला यांच्या रांगेत धनुष्य-बाणही नावानिशी घातलेले होते. ज्या सरकारपाशी तोफा होत्या, त्यास धामणीच्या काठीची दखल घ्यावीशी वाटली, हे विसरण्याजोगे नाही. त्याचे कारणही होते. खानदेशातील भिल्लांना वश करण्यासाठी १८२५ मध्ये स्वतंत्र भिल्ल पलटण उभारावी लागली होती, आणि १८५८ च्या एप्रिलात अंबापाणीच्या डोंगरात भिल्लांनी इंग्रजी फौजेशी सामना दिला होता.

जंगल कायद्याचा जाच केवळ आदिवासींनाच झाला असे नाही. राबासाठी डहाळ्या तोडण्याच्या हक्कावरून आपले शेतकरीही गांजले. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतील गाऱ्हाणी इतकी वाढली की, १८८५ मध्ये सरकारला त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. परंतु शेतकऱ्यापाशी निदान खाचर उरले. खैराच्या झाडापासून काथ काढणे हा ज्यांचा धंदा आणि ज्यांचे नावच त्या काथावरून पडले, त्या कातकऱ्यांपाशी काय उरले? खैर राखीव झाला, शिकार गुन्हा ठरली, आणि कोळशाच्या भट्ट्या व वीटभट्ट्या यांवर आगाऊ उचल घेऊन राबणे तेवढे नशिबी आले.

या ठिकाणी आपल्या ज्ञातीने एक दिवस अभिमानाने आठवावा. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आणि त्यात जे हुतात्मे झाले त्यांत आपल्या लोकांच्या नावांशेजारी नाग्या महादू कातकरी हे नाव कोरलेले आहे. रानाच्या हक्कासाठी आगरी आणि कातकरी एका जागी उभे राहिले आणि एका जागी पडले. त्या दिवसाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या अंगणात आलेल्या कातकऱ्यास आपण कोठे बसवीत होतो, हाही इतिहासच आहे.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. तो धनुष्य करणारा वृद्ध आमच्या आजोबांहून वयाने मोठा होता. तरीही आजोबा त्यास ‘अरे’ म्हणत आणि तो आजोबांस ‘शेट’ म्हणे. त्याने ओटीवर पाय ठेवल्याचे आम्हांस स्मरत नाही. रात्र-रात्र जागून त्याने आमच्या खाचरावरील डुकरे मारावीत आणि त्याबद्दल त्यास दोन पायली भात मिळावे, ते देखील अंगणात, वरून ओतलेले. एका वर्षी त्याने आजोबांसाठी म्हणून एक धनुष्य घडवून आणले, त्याचे काही मागितले नाही. ते धनुष्य पुष्कळ वर्षे आमच्या माळ्यावर दोरी उतरवलेल्या स्थितीत होते. पुढे जुने कौलारू घर पाडून आम्ही पक्के घर बांधले, तेव्हा माळ्यावरील अडगळ पाणी तापवण्याच्या बंबात गेली. त्या अडगळीत ते धनुष्यही गेले. ते आम्हीच आमच्या हाताने घातले. त्या वेळी आमच्या मनास काहीही वाटले नाही, हे येथे लिहून ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

मोहन्यासही काळाचा ओघ थांबला नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा निघू लागला, आणि आपल्या कित्येक तरुणांच्या घरी महिन्याचा पगार आला. २००९ साली तो कारखानाही बंद पडला. दरम्यान मुंबई राज्यात १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा झाला, १९७२ मध्ये देशव्यापी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे रानावरील अनेक हक्क मान्य केले. पण शिकारीचा परंपरागत हक्क त्यांतून स्पष्टपणे वगळला. हे वगळणे आम्ही अयोग्य मानीत नाही. रानच जेथे उरले नाही, तेथे उरलेसुरले भेकर वाचवलेच पाहिजे. परंतु शिकार थांबणे निराळे आणि विद्या मरणे निराळे. शिकार कायद्याने थांबली. विद्या मात्र आपल्या दुर्लक्षाने मरत आहे.

दुर्लक्ष न केल्यास काय होते, याचे एक उदाहरण परदेशातील आहे. १९११ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आपल्या याही जमातीतील अखेरचा उरलेला एक मनुष्य रानातून बाहेर आला. त्यास इशी या नावाने ओळखू लागले. सॅक्स्टन पोप नावाच्या एका शल्यचिकित्सकाने त्याच्याशी मैत्री केली, त्याच्याजवळ बसून धनुष्य कसे करावे आणि हरणाच्या जवळ कसे जावे हे शिकून घेतले. १९१६ मध्ये इशी मरण पावला. १९२३ मध्ये पोप यांनी ते सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि आज जगभरातील हौशी धनुर्धर त्या ग्रंथापासून शिकतात. आपल्याकडे तर जमात हयात आहे, वाड्या हयात आहेत, आणि एखाद्या वाडीवर लाकूड ओळखणारा वृद्धही अद्याप असेल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके मिळवली. त्यांची धनुष्ये चाकांची आणि आधुनिक धातूंची होती, तरी डोळा, श्वास आणि हात यांची साधना तीच आहे.

तेव्हा ज्ञातिबांधवांस आमची नम्र सूचना अशी की, आपल्या मंडळाने यंदा चार गोष्टी कराव्यात. शहापूर-मुरबाडकडील वाड्यांवर आपल्या शिकलेल्या तरुणांना पाठवून धनुष्य करण्याची सारी कृती, शब्दांसह आणि मापांसह, लिहून घ्यावी. जो कोणी जाणकार भेटेल त्यास वार्षिक संमेलनात सन्मानाने बोलवावे, व्यासपीठावर खुर्ची द्यावी आणि मजुरी म्हणून नव्हे, मानधन म्हणून काही अर्पण करावे. त्याच्या हातची दोन धनुष्ये विकत घेऊन आपल्या वाचनालयात ठेवावीत आणि त्याखाली करणाऱ्याचे नाव लिहावे. आमच्या घरी आलेल्या धनुष्याच्या कर्त्याचे पूर्ण नाव आम्हांस कधी ठाऊक नव्हते. आणि गावाच्या मोकळ्या जागेत निदान दहा धामणी लावाव्यात.

ते धनुष्य जळाले, तथापि त्यासोबतच्या एका बाणाचे लोखंडी पाते राखेत सापडले, ते आम्ही जपून ठेवले आहे. वाचनालयात धनुष्ये आली म्हणजे ते मंडळाच्या स्वाधीन करू. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या विषयावर आमच्याहून अधिक अधिकारी व्यक्तीचा, शक्य तर एखाद्या कातकरी अथवा ठाकूर बांधवाचा लेख वाचावयास मिळावा, अशी इच्छा व्यक्त करून वाचकांची रजा घेतो.

इत्यलम्.